चौदा मीटरचा बाक

उपग्रह रात्री दीडला पुण्यावरून गेला
आणि कात्रजच्या दांडावर
तीन लाल चौकोन टाकून गेला.
मला ते दिसले पावणेचारला,
गोखलेनगरच्या ऑफिसात, गार झालेल्या कॉफीशेजारी.

एक चौकोन म्हणजे पावणेचारशे मीटर.
आत काय पेटलंय ते तो सांगत नाही,
गवत, पाचोळा, की वीटभट्टीमागचा कुणाचा कचरा.
म्हणून कोंडीबा मरगळ्यांना फोन लावला.
ते म्हणाले, "मॅडम, तुमचा ठिपका आत्ता उठला व्हय?
आमी बाराला हितं आलोय."

मागे ओल्या फांद्या आपटत होत्या.
कुणीतरी खोकत होतं, थांबून, पुन्हा.
धायरीच्या अकराव्या मजल्यावरून एकाने व्हिडिओ टाकलेला,
खाली लिहिलेलं: दिवाळीच जणू.

माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच होतं
की वारा वळतोय,
आणि पुढे नकाशातल्या रेघा एकमेकींना चिकटल्यात,
म्हणजे उभा चढ, म्हणजे आग पळत वर जाणार.
"जुनी जाळरेषा दीडशे मीटरवर आहे. तिथे थांबा."
"कुठं? वाघजाईच्या घसरंडीवर?"

माझ्या नकाशात वाघजाई नव्हती.
अक्षांश होते, रेखांश होते.
मी हो म्हणाले, अंदाजाने,
आणि तो हो उजाडेपर्यंत
घशात काट्यासारखा अडकून राहिला.

सहाला मेसेज: विझली. समदे खाली. चा पाठवा, गुळाचा.

आठवड्याने जळिताची हद्द मोजायला
कोंडीबा फोन खिशात घालून चालले.
दर पाच सेकंदांना त्यांचं एक पाऊल
माझ्या पडद्यावर येऊन बसायचं.
रेघ निघाली खिंडीतून, जळक्या कडेने,
माणूस चालतो तशी, जरा इकडे जरा तिकडे,
आणि एका जागी एकदम बाहेर फुगली.
चौदा मीटर. अर्धगोल. पुन्हा कडेला.

वरून घेतलेल्या चित्रात तिथे गवत शाबूत.
म्हणजे फोन चुकला, सिग्नल चळला, होतं असं.
साहेबांना हेक्टर स्वच्छ लागतात.
बाक पुसायला माऊस नेला,
मग उगाच फोन केला.

"टिटवी बसली हुती," ते म्हणाले.
"कडंलाच, राखंत. चार अंडी.
उठवली असती तर उन्हात शिजली असती.
म्हून गवतातनं लांबनं आलो."

नकाशाला रकाने आहेत:
तीव्र, मध्यम, सौम्य, अजळित.
मी बराच वेळ बसून राहिले.
त्याच पट्ट्यात सोमवारपासून
खड्डे काढायचं मशीन जाणार होतं,
तीनशे खड्डे, ते मीच आखले होते, पट्टीने,
एकेक तीन मीटरवर, फार देखणे.

बाक राहू दिला.
त्याच्याभोवतीचे एकवीस खड्डे उचलले,
आणि शेऱ्यात लिहिलं: एक महिना थांबणे. अंडी.
साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला.
"कसली अंडी?"
मी सांगितलं.
"हेक्टरी आकडा बदलतो का?"
"दशांशानंतर चौथ्या घरात."
"मग असू दे," म्हणाले,
आणि जाता जाता, दारातून,
"टिटवी वरच्या अंगाला घालते, की खाली?
आमची आई त्यावरून पाऊस सांगायची."

शेवटचं काम राहिलं होतं नावाचं.
कोंडीबा स्वतः आले, चपला दाराबाहेर काढून,
एसीत अंग चोरून खुर्चीच्या कडेवर बसले.
मी घसरंडीवर ठिपका ठेवला. वाघजाई.
"न्हाई. वर."
वर सरकवला.
"आजून. त्या उंबराखाली."
पडद्यावर उंबर म्हणजे हिरव्या रंगाचे पाच कण.
मी ठिपका त्यांच्यात नेऊन सोडला.
ते पुढे झुकले, डोळे बारीक केले.
"हां," म्हणाले. "आता तिला सावली हाय."